एक हिसका, दोन हिसके

निघोज्यात कुणाच्या कांद्यावर करपा दिसला की पहिला निरोप गेनबा आणि तानाबाईला. हे नवरा-बायको अकरा वर्षं लोकांच्या रानात औषध मारतायत. बांधावर पंपाचं इंजिन, त्याला खेटून पिंप, तिथं तानाबाई. पाइपाच्या दुसऱ्या टोकाला, पार लांब, गेनबा. त्या धडधडीत हाका मारून घसा कोण कोरडा करणार? म्हणून खूण ठरलेली. पाइपाला एक हिसका, थांब. दोन हिसके, चालू कर. दिवसभर एक शब्द नाही आणि काम मात्र चोख.

पंचाईत व्हायची ती घरी. तानाबाईनं काही विचारावं आणि गेनबानं ढिम्म बसावं. "भिंतीशी बोलल्यावानी झालंय," ती शेजारणीला सांगायची. बाईचं तोंड मुळातच तिखट, त्यामुळं आधी भांडणं झाली. मग कृषी सहायकाकडून कळलं, काही औषधं अंगात मुरली की कानावरही जाऊ शकतात, त्यात इंजिनाचा आवाज. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. हा माणूस मोटारसायकलवर कंपन्यांच्या रस्त्यानं जातो, मागून कंटेनर आला तर? पंप बंद करा, असं तिनं टुमणंच लावलं.

वैतागून गेनबा एक दिवस तिच्यासमोर येऊन बसला. "डाक्टरला सांगू दे कान गेलेत म्हणून. त्याच दिवशी पंप इकतो."

चिंचवडला कान तपासणीचं शिबिर लागलं, तशी तिनं त्याला ओढतच नेलं. तपासणाऱ्या पोरीचं नाव तेजस्विनी. तिनं कामाची चौकशी केली. "औषध मीच कालवते, हातानं. इंजिन माझ्यापाशी असतंय. ह्ये लांब असत्यात," तानाबाईनं सांगितलं.

"मावशी, मग तुम्हीही बसा."

आलोच आहोत तर बसू, म्हणून ती बसली. कानांवर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. तानाबाईनं पुष्कळ वाट पाहिली. पोरीनं मशीन अजून सुरूच केलं नाही, असं तिला वाटलं.

तेजस्विनीनं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. गेनबाचे कान थोडे मंद झाले होते. तानाबाईचे दोन्ही कान निम्म्याहून जास्त गेले होते. "इंजिनानं की औषधानं, ते नक्की सांगता येणार नाही," ती तोंडासमोर येऊन सावकाश म्हणाली. "पण पिंपापाशी आता जायचं नाही."

तानाबाई नवऱ्याकडे वळली. "मग तुमी घरी बोलत का न्हवता?"

"रोज बोलत व्हतो की. तू रागावलीस, म्हणून बघत न्हाईस, आसं वाटायचं मला."

तिला रडू आलं. नवऱ्याला तिनं किती शिव्या घातल्या होत्या, त्याची तिला लाज वाटली.

"पंप इकायचा," गेनबा तिच्याकडे तोंड करून म्हणाला. तिनं मान डोलावली.

चाकणच्या चौकात ते बसमधून उतरले, तेव्हा कंटेनरची रांग लागली होती. गेनबानं खांद्यावरचा टॉवेल काढला, एक टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं धरून तिच्या बाजूनं चालू लागला. रस्त्याच्या मधोमध हाताला एक हिसका बसला. तानाबाई जागच्या जागी थांबली. नाकासमोरून ट्रक गेला.

मग दोन हिसके आले.