यंत्र चालू होतं

कौशल्या तायडे अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात १९५२ साली आया म्हणून लागली. फरशी पुसायची, रक्ताचे कपडे धुवायचे. पण ऑपरेशन थेटरात माणसं कायम कमी. त्याच वर्षी भूल देणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी रबरी फुगा तिच्या हातात दिला. "दाब. सोड. नजर छातीवर ठेव." भूल दिलेल्या माणसाला त्या फुग्यानं श्वास पुरवायचा असतो. पुढची तेरा वर्षं कौशल्यानं तो पुरवला. नळीत कफ अडकला की तिच्या तळहाताला आधी कळायचं, डॉक्टरांना मागून. मी, गोदा, तिथली शिकलेली नर्स. मला ते कधी जमलं नाही. कागदावर मात्र ती आयाच राहिली.

१९६५ साली एका शेठजींनी दवाखान्याला परदेशी यंत्र दिलं. विजेवर चालणारं. काटा लावून ठेवला की त्याचा भाता आपोआप वरखाली होई. त्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. आमचे मुख्य डॉक्टर खुशालराव भाषणात म्हणाले, "आता अडाणी हातांवर विसंबायची गरज नाही."

कौशल्या दाराशीच उभी होती. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर ती अक्षरं गिरवायला बसली होती आणि आता रोजचं वर्तमानपत्र वाचत होती. अडाणी!

दुसऱ्या दिवशी तिला धुलाईच्या खोलीत पाठवलं. जाताना ती म्हणाली, "साहेब, यंत्र राहू द्या, पण फुगाबी जवळ ठेवा. लाइन गेली तं?"

"तुला कोणी विचारलं?" खुशालराव म्हणाले.

तिनं फुगा धुतला, पुसला आणि कोणाला न विचारता थेटरच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवून दिला. मी पाहिलं आणि कपाटाचं दार लावून घेतलं.

पुढच्या वर्षी चांदूर बाजारची सुभद्रा आली. चोवीस वर्षांची. लहानपणच्या सांधेतापानं हृदयाची झडप आवळली होती. बिचारी उशाला टेकून बसूनच झोपायची. मुंबईहून मोठे सर्जन आले. डाव्या बरगड्यांमधून छाती उघडायची, धडधडत्या हृदयात बोट घालायचं आणि झडप मोकळी करायची, असं ते ऑपरेशन. आमच्याकडे पहिलंच. सर्जनच्या हाताशी हत्यारं द्यायला मी होते.

बोट आत गेलं आणि सर्जन थबकले. "फुप्फुस का फुगत नाही?"

भूल देणाऱ्या नव्या डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं. "यंत्र चालू आहे, सर."

भाता खरंच वरखाली होत होता. खट, फुस्स, खट, फुस्स. सुभद्राचे ओठ मात्र जांभळे पडत होते. कौशल्या तेवढ्यात उकळलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आत आली. एकदा तिकडे पाहिलं आणि गाठोडं तिथंच टाकलं.

"बाईले हवा नाई भेटून रायली!"

"बाहेर हो!" खुशालराव ओरडले. "यंत्र चालू आहे, दिसत नाही?"

"यंत्र चालू हाय, तं बाई काळीनिळी काहून पडून रायली?"

उत्तराची वाट न पाहता तिनं कपाटातून फुगा काढला, यंत्राची नळी उपसली आणि फुगा ऑक्सिजनला जोडून दाबायला लागली. तीन श्वासांत फुप्फुस वर आलं. यंत्राचा भाता आतून फाटला होता. सगळी हवा खोलीत जात होती.

सर्जन तिच्याकडे न बघता म्हणाले, "जरा थांबा... आता द्या." तिनं श्वास दिला. अशी चाळीस मिनिटं. सुभद्रा जगली.

चार दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी: "अद्ययावत यंत्राने रुग्णेचा श्वास अखंड राखला." खुशालराव फोटोत यंत्राशेजारी उभे. त्याच दिवशी कौशल्याला नोटीस: विनापरवानगी यंत्र काढणे, वरिष्ठांवर आवाज चढवणे; खुलासा करा. आजही ते आठवलं की माझ्या अंगाची आग होते. आणि मला स्वतःची लाजही वाटते, कारण मला साक्ष विचारली तेव्हा मी लिहून दिलं होतं, "मी कामात होते, नीट दिसले नाही."

कौशल्या माझ्यासमोर उभी राहिली. रडली नाही. "सिस्टर, डोळे तुमचे गेले का जीभ?"

त्याच दुपारी मी दुसरा कागद लिहिला, सगळं जसं घडलं तसं, आणि सही केली. कौशल्यानं आपला खुलासा स्वतःच्या हातानं लिहिला: "यंत्र बंद मी नाही केले. ते आधीच बंद होते, फक्त हालत होते. पुन्हा असे झाले तर पुन्हा काढीन."

दोन्ही कागद घेऊन आम्ही खुशालरावांकडे गेलो. त्यांनी वाचले, मला म्हणाले, "सिस्टर, तुम्हालाही हिचं वारं लागलं?" माफी नाही, आभार नाहीत. पण नोटीस मागे घेतली गेली आणि हुकूम निघाला: प्रत्येक ऑपरेशनला हातफुगा टेबलाजवळ ठेवावा. हुकुमात कारण दिलं नव्हतं.

तीन महिन्यांनी तपासणीला आलेली सुभद्रा यंत्राला हात जोडायला निघाली. मी तिचा हात धरला आणि सरळ धुलाईच्या खोलीत नेलं. "पाया पडायचं तर हिच्या पड."

"काही पाया पडू नोको," कौशल्या कपडा पिळत म्हणाली. "जिना चढता येते का आता?"

"येते ना, बाई. विहिरीवरून पाणीबी आणते."

कौशल्या पहिल्यांदा हसली. पुढे तिला थेटरात परत घेतलं. अडुसष्ट सालापर्यंत तीन नवे डॉक्टर फुगा धरायला तिच्याकडून शिकले. तिघेही तिला "ए कौशल्या" म्हणत, आणि हजेरीपटावर तिचं नाव सफाईच्याच रकान्यात राहिलं.