एका थराचं साट

काच सोन्याच्या कणांच्या द्रावणात बुडवायची, धुवायची, वाळवायची. मग ते कण बांधून ठेवणाऱ्या रसायनात बुडवायची, पुन्हा धुवायची, वाळवायची. झाला एक थर. असे चाळीस थर चढले की सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा पापुद्रा तयार व्हायचा. शिळ्या मासळीचा वायू त्याने ओळखावा, अशी माझी आशा. रत्नागिरीच्या कॉलेजात शिकवता शिकवता मी याच्यावर पीएचडी करत होते. पण माझ्या हातचे दोन पापुद्रे कधी सारखे आले नाहीत. धीर म्हणून नव्हताच अंगात.

केळशीला आई एकटी. दर मे महिन्यात म्हणायची, "आंब्याची साटं घालायला ये गो."

"थर अर्धे टाकून कशी येऊ? काचा बुडवणारं यंत्र करायचंय, ते झालं की येते."

शेवटी मोडक्या प्रिंटरची मोटर काढून बुडवायचं यंत्र केलं. ते दोन दिवस चालणार होतं. एका सकाळी सुरू केलं, शिपाईकाकांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि चार दिवसांसाठी केळशीची एसटी धरली.

आईने ताटांना तूप लावून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आटवलेला रस पातळ पसरून उन्हात ठेवला. तो वाळला की उद्या दुसरा थर, परवा तिसरा. मला बसवेना. लाईट गेली असेल तर? काच अडकली असेल तर? दुपारपर्यंत तीनदा एसटीडी बूथवर जाऊन आले. काका वैतागले. "चाललाय ओ मॅडम! किती वेळा सांगू?"

तिसऱ्या दिवशी पहाटेच मी पिशवी उचलली. आई म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय तुझ्या. दुसरा थर आज घालायचा ना?"

"तू घाल. मला चैन पडत नाही."

पोचले तेव्हा यंत्र काम संपवून गप्प उभं होतं. सगळ्या काचा एकसारख्या, कुठे ओघळ नाही. माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, पण स्वतःचाच राग आला.

आठवड्याने कंडक्टरबरोबर आईचा डबा आला. आत साट, पापडाहून पातळ. मी तिच्या शेजाऱ्यांकडे फोन करून तिला फोनवर बोलावून घेतलं. "अगं, एकाच थराचं? बाकीचे थर?"

"ते तू घालायचे म्हणून ठेवले होते," ती म्हणाली.