शिवलेला डबा

बाजाराच्या मागच्या गल्लीत चावीवाल्याचं दुकान होतं. पन्नाशी उलटलेला माणूस, पोट पुढे, पण हात असा की कुलपाने त्याला पाहूनच तोंड उघडावं. गोडावर मात्र भारी जीव. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात तीन चमचे साखर, आणि बुडवायला बिस्किटांचा अख्खा पुडा.

साखरेच्या आजाराने थोरल्या भावाच्या पायाचा अंगठा गेला, तेव्हा वहिनीने घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. चावीवाल्याचा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून काठावर आहात. साखर, बिस्किटं बंद. अर्धं ताट भाज्यांचं. रोज चालायचं. इथून मागे फिरता येतं."

"आणि नाही फिरलो तर?"

"भावाला विचारा."

बायकोने त्याच दिवशी साखर-बिस्किटं डब्यात घालून कुलूप ठोकलं. ते दुपारपर्यंतही टिकलं नाही. दुसरं आकड्यांचं आणलं. त्याने कान लावून उघडलं, आणि वर "माल हलका आहे, परत करून ये" असा सल्लाही दिला. तिसरं तिने रागाने त्याच्याच दुकानातून घेतलं, तर त्याने जास्तीची चावी आधीच खिशात टाकलेली.

शेवटी ती खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंकडे गेली. काकूंनी अख्खा डबा जाड कापडात घालून बारीक टाक्यांनी शिवून टाकला. चावीवाल्याने डबा उलटा केला, सुलटा केला. भोकच नाही! उसवता आलं असतं, पण परत तसं शिवणार कोण?

दोन दिवस त्याने कसाबसा दम धरला. तिसऱ्या दिवशी बायको बाहेर पडताच ब्लेडने एक बाजू उसवली, चार बिस्किटं हाणली आणि सुईदोरा घेऊन बसला. जन्मात कधी बटणसुद्धा लावलेलं नाही. घाईघाईत टाके घातले, गाठ मारली, उठला, तर डबाही त्याच्याबरोबर उठला. शर्टाची बाही डब्याला शिवली गेली होती! ब्लेड मारावं तर डबा उघडा पडणार, शर्ट काढावा तर डब्याला शर्ट लोंबणार.

तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका धापा टाकत दारात. "लवकर चला, प्रयोगशाळेच्या दाराचं कुलूप अडकलंय, आत दोन मास्तर आहेत!"

गेला तसाच, डबा काखेत मारून. एका हाताने कुलूप उघडलं. बाहेर आलेल्या मास्तरांनी विचारलं, "हे काय?"

"पथ्य," तो म्हणाला.

घरी बायको दारातच उभी होती. तिने डबा पाहिला, बाही पाहिली आणि हसून हसून पायरीवर बसली. तो मात्र हसेना.

"मला दादासारखं व्हायचं नाही गं," तो म्हणाला. "पण हात ऐकत नाही."

तिचं हसू थांबलं. "मग घरात ठेवायचंच कशाला? मी तरी कशाला आणत होते?"

शिंपीणकाकूंनी कात्रीने त्याला सोडवलं. त्या दिवसापासून घरात साखर आली नाही. बिनसाखरेच्या चहाने आठवडाभर त्याचं तोंड वाकडं झालं, मग जीभ रुळली. संध्याकाळी तो दादाला घेऊन चालायला जाऊ लागला, दादाच्या चालीने, सावकाश. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. तो काठावरून मागे फिरला होता.

त्या संध्याकाळी दादाने बाकावर बसून काकडी चिरली आणि एक फोड पुढे केली. "खा, कडू नाही."

होती कडूच. दोघांनी मिळून संपवली.