जरा यांचा हात धरता?

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या कुटुंबीयांसाठी आमच्या गावात मदत केंद्र निघालं. उद्घाटनाला समई होती, शाली होत्या आणि एकमेकांचं स्वागत करणारी बरीच मंडळी होती. मी शेवटच्या रांगेत होतो. शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, जरा यांचा हात धरता? मी बाथरूमला जाऊन येते. सोडू मात्र नका. उठले की थेट रस्ता गाठतात."

मी त्यांच्या यजमानांचा हात धरला. व्यासपीठावर पाहुणे सेवेतल्या आनंदाबद्दल बोलत होते. बहुधा तो त्यांनी लांबून पाहिला असावा.

"ती कुठाय?" यजमानांनी विचारलं.

"येतील आत्ता."

"कोण येणारे?" म्हणत ते उठले. मीही ओढला गेलो. आठवण गेली तरी अंगातलं बळ जात नाही, हे मला ठाऊक नव्हतं. समोर दार सताड उघडं होतं आणि बाहेरून एसटीचा हॉर्न ऐकू येत होता. तेवढ्यात मनात आलं, बाई परत आल्याच नाहीत तर? नाही आल्या तर त्यांना बोल तरी कोण लावणार? मी यजमानांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत तीच भीती होती. बाकी सगळं पुसलं गेलं होतं, एवढी मात्र राहिली होती.

बाई पदराने तोंड पुसत आल्या. यजमानांनी माझा हात झटकून त्यांचा धरला.

"उशीर झाला का हो?" त्या म्हणाल्या. "आज मी आतून कडी लावून बसले. घरी बाथरूमचं दार उघडंच ठेवावं लागतं, यांच्यावर नजर ठेवायला."

व्यासपीठासमोर टाळ्या पडल्या. त्या दुसऱ्याच कशासाठी तरी होत्या.