न फुटणारा आकडा

शाळा माझी चौथीपर्यंत. पण तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ, आणि ते मी मरेपर्यंत सोडणार नाही असं ठरवलेलं. फैजपूरच्या रस्त्यालगत घर. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकायची, केळीचा ट्रक गेला की त्याच्या पाटीवरचा आकडा धरायचा आणि तोंडी भागून गुणाकाराच्या तुकड्यांत फोडायचा. कागद नाही, पेन्सिल नाही. लोक म्हणत, म्हाताऱ्याला चाळा लागला. म्हणू देत.

चाळा नव्हता तो. माझ्या थोरल्या भावाचे आधी पाढे गेले. मग माणसं गेली. शेवटी बायकोलाच विचारायचा, "तू कोनाची?" आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचा. म्हणून मी रोज स्वतःला तपासत होतो. आकडा फुटला की डोकं जागेवर.

या उन्हाळ्यात एक ट्रक गेला, ७९१९. फुटेना. सातानं नाही, तेरानं नाही, सतरानं नाही. जेवताना तोच, झोपताना तोच. भागता भागता दोनशेच्याही पुढं गेलो. घास कडू लागायला लागला. आकडा खोटा की मी?

पोरगी धुळ्याला कॉलेजात गणित शिकवते. शेवटी तिला फोन केला. ती हसली. म्हणाली, आबा, ती मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणीच भागत नाही. आणि दोनशेच्या पुढं कशाला गेलात? एकोणनव्वद गुणिले एकोणनव्वद म्हणजे ७९२१. दोन्ही तुकडे तेवढे किंवा मोठे असते तर गुणाकार वर गेला असता. म्हणजे एक तुकडा एकोणनव्वदच्या आतच सापडायला हवा. नाही सापडला, तर नाहीच. अशा संख्या पुढं विरळ होत जातात, पण संपत नाहीत, म्हणाली. काही इतक्या लांब की लिहायला पुस्तकं पुरत नाहीत.

त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या.

पंधरवड्यानं ४१२१ गेला. नाही फुटला. मी ऐटीत फोन लावला, ही पण मूळच. तिनं विचारलं,

"आबा, तेरानं भागलं?"

"भागलं की."

"परत भागा. मला ऐकवत भागा."

एकेचाळीसातून एकोणचाळीस गेले, उरले दोन. बावीसातून तेरा गेले, उरले नऊ. आता एक्याण्णव. तेरा सक अठ्ठ्याहत्तर, म्हणालो. त्याच्या पुढं तोंड उघडं राहिलं. पुढं काही नव्हतंच. समोरून ट्रक गेला तो सगळा ऐकू आला.

"तेरा साते एक्याण्णव, आबा," ती हळू म्हणाली. "मी रविवारी येते."

मी म्हटलं, ये, पण आईला भेटायला ये. मला काही झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी खुर्ची मीच फिरवली. रस्त्याकडे पाठ, भिंतीकडे तोंड.