बटणांची डबी

सुजाताचा फोन आला तेव्हा मी एका नवरीच्या ब्लाऊजला हूक लावत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती बोलली. मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला, उरलेले हूक लावले, दोरा दातानं तोडला आणि मग आपण काय ऐकलं ते डोक्यात शिरलं. आक्का गेली... माझी थोरली बहीण विमल. ऑफिसात विमलताई, सोसायटीत कांबळेबाई, आक्का फक्त माझी. ब्लाऊज शेजारणीच्या हाती पाठवून दिलं आणि रिक्षा केली. लग्न कुणाचं आपल्यासाठी थांबत नाही.

पुण्यानुमोदनाला बिबवेवाडीच्या हॉलमध्ये बरीच माणसं आली होती. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, त्रिसरण झालं, मग एकेक जण बोलायला उठला. विमलताई म्हणजे शिस्त, विमलताई म्हणजे टापटीप. तिच्या ऑफिसातले एक साहेब डोळे पुसत म्हणाले, "शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही हो त्यांनी." मी मागच्या सतरंजीवर बसले होते, माझं डोकंच फिरलं. त्रास दिला नाही? मला विचारा की! गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडलेय. आतड्याचा कॅन्सर होऊन ती गेली याला इलाज नव्हता असं सगळे म्हणतात, आणि मला माहीत आहे की दोन वर्षं आधी तरी होता. एक चाचणी करायची होती. लहानशा डबीत नमुना घालून लॅबच्या काउंटरवर ठेवायचा होता, आणि तेवढं एक सोडून आक्कानं सगळं केलं.

आणि गंमत बघा, आमच्या घरात लॅबचं शास्त्र कुणाला येत असेल तर ते आक्काला. कुणालाही डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं की पहिला फोन तिला. रात्रीचं जेवण लवकर, नंतर तोंडात काही नाही, पाणी चालेल, सकाळचा चहा नाही. ढगळ बाह्यांचं ब्लाऊज घालायचं, नाहीतर तिथं बाही वर सरकवताना फजिती. लॅब उघडायच्या आधी दारात उभं राहायचं, म्हणजे उन्हं वर यायच्या आत मोकळं. पर्समध्ये ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा. मला साखर तपासायला तीच घेऊन गेली होती. दुसरं रक्त जेवणानंतर दोन तासांनी द्यायचं, तर बाई माझ्या ताटासमोर घड्याळ घेऊन बसली. "पहिला घास तोंडात गेला की वेळ सुरू. ताट धुतल्यापासून नाही मोजायचे दोन तास, अडाणी!" एकदा आमच्या ह्यांनी गुपचूप चहा मारला आणि उपाशी आहे म्हणून सांगितलं. आक्कानं त्यांना लॅबच्या पायऱ्यांवरून परत फिरवलं. "भाऊजी, खोटं बोलायचं तर माझ्याशी बोला, डॉक्टरांशी कशाला?" हे आमच्या आक्काचं वाक्य. लक्षात ठेवा.

आता आईबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय यातलं काही कळणार नाही. आम्ही येरवड्याचे. दोन खोल्या, बाहेर नळ. आई महापालिकेत सफाईला होती. नुसता झाडू नव्हे, तेव्हा जे जे उचलायला लावत ते सगळं ती उचलायची. कामावरून आली की घरात पाऊल टाकायची नाही. थंडी असो, ताप असो, नळावर बसून डोक्यावरून आंघोळ, साबण दोनदा, मग लुगडं बदलून आत. आम्ही धावत गेलो तर हात वर करून मागं सरकायची, "थांबा रे, थांबा." पाणी तापवून नळापाशी नेऊन ठेवायचं काम आक्काचं. ती शाळेत जायला लागल्यापासून ते सरकारी ऑफिसात नोकरीला लागेपर्यंत तिनं ते केलं. नोकरीचा पहिला पगार झाला त्या दिवशी तिनं आईला सांगितलं, आता बास. आई काही लगेच थांबली नाही, पेन्शन बघून थांबली. पण आक्काच्या मनात ते घर तिथंच सुटलं. तिची स्टार्चची साडी, तिचं चकचकीत स्वयंपाकघर, बाथरूममध्ये टांगलेले तीन वेगळे टॉवेल... लोक तिच्या टापटिपीचं कौतुक करायचे आणि मला त्यात नळावर कुडकुडणारी आई दिसायची.

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी आक्काला थकवा यायला लागला. जिना चढला की धाप. फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन बरंच कमी. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, शौचाचीही तपासणी करून घ्या, आतून कुठून रक्त जातंय का ते कळेल. आक्कानं गोळ्या अशा घेतल्या की विचारू नका. वर बीट, खजूर, अंजीर, काळे मनुके. पुढच्या तपासणीच्या आधी तर पंधरा दिवस परीक्षेला बसल्यासारखी तयारी. हिमोग्लोबिन वर आलं. मला फोन करून म्हणाली, "पास झाले गं!" मी विचारलं, "आणि ती दुसरी तपासणी?" "दिली की. काही नाही त्यात." डॉक्टरांनाही तिनं तेच सांगितलं. त्यांनी रिपोर्ट मागितला, ही म्हणाली घरी राहिला. बाहेर पेशंटची ही गर्दी, तेही पुढच्याकडे वळले असणार. मधे गोळ्या थांबवल्या, पुन्हा रक्त उतरलं, पुन्हा त्यांनी तीच चाचणी लिहून दिली, पुन्हा हिनं दिली म्हणून सांगितलं. आणि हिच्यावर अविश्वास कोण दाखवणार? भाऊजींना पायरीवरून परत पाठवणारी बाई ती!

त्याच सुमारास ती एकदा माझ्याकडे आली होती. माझ्या शिलाई मशीनवर बटणं नेहमी विखुरलेली असतात, त्यावरून मला बोलायची. त्या दिवशी पर्समधून तिनं पांढऱ्या झाकणाची एक प्लास्टिकची डबी काढली. आत शर्टाची, कुडत्याची, रंगीत, शिंपल्याची बटणं. "घे. जुन्या कपड्यांची काढून ठेवलीत. डबी कोरी आहे हं, कशाकशाची नाही." झाकणाला आतून एक इवलासा चमचा चिकटलेला होता. मी म्हटलं, "हा कशाला?" तर म्हणाली, "बटणं काढायला. तुझी बोटं जात नाहीत ना आत." आम्ही दोघी हसलो. माझी बोटं जाड आहेत हे खरंच आहे.

पोट दुखायला लागलं आणि सुजातानं तिला जबरदस्तीनं मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा गाठ आतड्यातून यकृतापर्यंत पोचली होती. तिथले डॉक्टर तरुण होते. फाईल चाळत म्हणाले, "आजी, शौचाची तपासणी आधी कधीच केली नव्हती का?" सुजाता म्हणाली, दोनदा केली. आक्का खिडकीकडे बघत राहिली. डॉक्टर गेले, सुजाता औषधं आणायला खाली गेली आणि मी खुर्ची तिच्या उशापाशी ओढली. म्हटलं, "आक्का, खोटं बोलायचं तर माझ्याशी बोल. पण आता नको."

मग तिनं सांगितलं. थांबत थांबत, पाण्याचा घोट घेत. पहिल्या वेळी ती खरंच गेली होती. सकाळी नमुना घेतला, डबीचं झाकण घट्ट लावलं, बाहेरून डेटॉलनं पुसली, वर एक पिशवी, त्यावर दुसरी पिशवी, मग ऑफिसची पर्स. बिबवेवाडीतली नेहमीचीच लॅब, जिथं तिला "या मॅडम" म्हणत. बाकं भरलेली. तिनं डबी काढून काउंटरवर ठेवली. तिथली मुलगी खुर्चीसकट मागं सरकली. "अहो, इथं नाही ठेवायचं! वर नका ठेवू!" सगळ्या बाकांनी माना वळवल्या. मग त्या मुलीनं आत हाक मारली, "मावशी, हे उचला जरा." पुण्यात साफसफाई करणाऱ्या प्रत्येक बाईला मावशी म्हणतात, नातं लावलं की स्वतः वाकायची गरज उरत नाही. आतून एक वयस्कर बाई पदराला हात पुसत आली. आणि आक्का म्हणाली, "शांते, ती हुबेहूब आईसारखी चालत आली गं. माझी घाण उचलायला... मी आईला म्हटलं होतं ना, आता बास म्हणून." त्या बाईचा हात पोचायच्या आत आक्कानं डबी उचलली, पर्समध्ये टाकली आणि घरी आली. आंघोळ केली. डोक्यावरून.

"आणि दुसऱ्या वेळी?" मी विचारलं.

"दुसऱ्या वेळी द्यायला गेलेच नाही."

"डबी तरी आणली होतीस का लॅबमधून?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि एवढ्या दुखण्यात तिच्या ओठांवर ते जुनं तिरकं हसू आलं. "ती तुझ्याकडेच आहे की. बटणांची."

मला तिला मारावंसं वाटलं. खरंच, अंगात सुया टोचलेल्या त्या बाईला गदागदा हलवून विचारावंसं वाटलं, की आई आयुष्यभर नळावर भिजली ती कशासाठी? तू अशी मरावीस म्हणून? मी काहीतरी बोललेही. ती म्हणाली, "ओरडू नको, पलीकडची झोपलीय." शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही, हे असं.

दवाखान्यातल्या त्या तरुण डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं की सख्ख्या बहिणीला झालंय, तेव्हा तुम्हीही तपासून घ्या. आधी ही चाचणी, मग दुर्बिणीचं बघू. आक्का जाऊन महिना सरल्यावर मी चाचणी करायला निघाले. येरवड्यात माझ्या गल्लीच्या तोंडाशी लॅब आहे. पण मी बिबवेवाडीला गेले, आक्काच्या लॅबमध्ये. आदल्या दिवशी जाऊन डबी आणली होती. तेच पांढरं झाकण, आत तोच चमचा. सकाळी सगळं तिच्यासारखंच केलं, पुसलं, पिशवीत घातलं, आणि सांगते, रिक्षात बसल्यावर मलाही घाम फुटला. वाटलं, जाऊ दे, परत फिरावं. पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि वाटत होतं की सिग्नलला थांबलेला प्रत्येक जण ओळखतोय यात काय आहे. तेव्हा मला आक्का पहिल्यांदा नीट समजली, आणि राग मात्र तेवढाच राहिला.

बाकं भरलेली होती. काउंटरवर मुलगी होती, तीच की दुसरी मला माहीत नाही. मी पिशवी काढून डबी वर ठेवली. तिचं नाक आक्रसलं, मान आत वळली. "माव..."

"मावशींना नाही बोलवायचं," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. "बाळ, तो हातमोज्यांचा डबा तुझ्याच शेजारी आहे. घाल, आणि तुझ्या हातानं घे."

"आजी, आमच्याकडे सॅम्पल त्याच नेतात."

"माझं नाही नेणार. माझी आई हेच काम करायची. माझी बहीण याच काउंटरवरून अशीच डबी परत घेऊन गेली आणि मेली. मी इथंच उभी आहे, मला घाई नाही."

आतल्या दाराशी एक वयस्कर बाई फडकं हातात घेऊन उभी होती, ती माझ्याकडे बघत होती. मुलीचा चेहरा लाल झाला. तिनं हातमोजे चढवले, डबी उचलली, माझं नाव विचारलं, लिहिलं, आणि उठून स्वतः आत नेऊन ठेवली. फार तर मिनिटभराचं काम.

बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि रडले. हॉलमध्ये रडले नव्हते, ते तिथं रडले. रिपोर्ट चांगला आला. सुजातालाही मी नेलं, दुर्बिणीची तपासणीसुद्धा करवली, कुरकुर करत होती तरी.

आक्काची डबी माझ्या मशीनवर आहे. सुजाता म्हणते, "मावशी, टाकून दे ना ती, बघवत नाही." का टाकू? कोरी आहे, कशाकशाची नाही. परवा एका शाळकरी शर्टाला बटण हवं होतं, झाकण उघडलं. बोटं आत जात नाहीत माझी. चमच्यानं काढलं.