कार्ड बसलं, पण लॅपटॉपनं ओळखलं नाही

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

आमच्या न्हावरे गावातल्या नव्या बुद्धविहाराचं थ्रीडी डिझाईन मी आज विहार समितीच्या बैठकीत दाखवणार होते. सकाळीच स्क्रीनवर रेघा आल्या. लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड गेलं.

एसटीनं शिरूर गाठलं. दुकानदार म्हणाला, "ताई, नशीब, तुमचं कार्ड सुटं निघतंय, नाहीतर बहुतेक लॅपटॉपात ते बोर्डालाच पक्कं असतं." दुसऱ्या कंपनीच्या जुन्या लॅपटॉपमधलं, त्याच स्टँडर्डचं, म्हणजे त्याच मापाचं नि जोडणीचं कार्ड त्यानं बसवलं. बसलं नीट, पण स्क्रीन काळीच.

"स्टँडर्ड एकच हाय, पण तुमचा लॅपटॉप ह्याला वळखतच न्हाई," दुकानदार म्हणाला.

शेवटी बैठकीत कागदावर विहार काढून दाखवला. समितीतले आबा म्हणाले, "पोरी, दार कळलं. पण आत उजेड कुठनं येणार?"

तेच तर लॅपटॉपमध्ये अडकलंय. स्टँडर्ड एकच, तर मग कार्ड चालायला नको का?